मणीबाईच्या सोळा आंघोळी

आमच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकावर मी एकदा तरी ओरडलेलो आहे. दार आपटू नका, टेबलाला कोपर टेकवू नका, शिंक आली तर बाहेर जाऊन शिंका. लोकांना वाटतं म्हातारा खडूस आहे. आहेच. खडूस नसतो तर हे यंत्र एकोणीस वर्षं चाललं नसतं. कागदोपत्री त्याचं नाव अणुबल सूक्ष्मदर्शक. हवेच्या उशांवर तरंगणाऱ्या दगडी टेबलावर ते ठेवलेलं असतं, कारण खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याला कळतं.

मी शास्त्रज्ञ नाही. यंत्र चालतं ठेवणं, पट्ट्या बसवणं, साफ करणं आणि लोकांना ओरडणं एवढंच माझं काम. तरी सगळी इमारत मला मामा म्हणते, त्याला कारण माझी भाची. ताईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, ही एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ती तीन वर्षांची असताना मी तिला ठमी म्हणालो आणि ते चिकटलं ते चिकटलंच. डॉक्टरेट करायला ती आमच्याच संस्थेत आली आणि राहायला आमच्याच घरी. पहिल्याच दिवशी तिनं भर प्रयोगशाळेत दारातून हाक मारली, "मामा, डबा विसरलास!" तेव्हापासून झाडूवाल्यापासून मॅडमपर्यंत सगळ्यांचा मी मामा. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख आणि ठमीच्या मार्गदर्शक. माझ्याहून सात वर्षांनी लहान आहेत, पण त्यांच्यासमोर मी आवाज चढवत नाही.

यंत्राचा सगळा जीव एका पट्टीत असतो. तिला कँटिलिव्हर म्हणतात. एका टोकाला घट्ट धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी, पोहण्याच्या तलावावरच्या उडी मारायच्या फळीसारखी. फक्त ही फळी सिलिकॉनची, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी लांब आणि केसाच्या सत्तराव्या हिश्शाएवढी जाड. पाठीवर सोन्याचा मुलामा. त्या मुलाम्यावर प्रकाशाचा ठिपका पाडायचा. पट्टीचं टोक कशावर टेकलं की पट्टी वाकते, ठिपका सरकतो, आणि तो किती सरकला त्यावरून वाक कळतो. वाकाला पट्टीच्या ताठपणानं गुणलं की जोर आला.

आता ह्यातली मेख सांगतो. वाक आम्ही रोज तपासतो. सकाळी आल्या आल्या पट्टी काचेवर टेकवायची. काच दबत नाही, त्यामुळे जो काही वाक तो सगळा पट्टीचा. पण काच ताठपणा सांगत नाही. तो वेगळा मोजावा लागतो, आणि आमच्या खोलीची रीत अशी की तो एकदाच मोजायचा, पट्टी डबीतून काढली की लगेच, टोकाला मणी चिकटवण्याआधी. मणी चिकटला की पट्टीच्या थरथरीची लय बदलते आणि हिशेब किचकट होतो. म्हणून आकडा वहीत लिहायचा आणि तो त्या पट्टीला जन्मभर. ही रीत मीच पाडलेली.

मणी कशाला, तर ठमीचं काम मऊ गोष्टींचं. गुडघ्यातली कूर्चा झिजते ना, तिच्या जागी बसवता येतील अशा चकत्या ती बशीत वाढवत होती. चकती दिवसेंदिवस घट्ट व्हायला हवी, नाहीतर माणसाच्या गुडघ्यात तिचा काय उपयोग? घट्ट होते की नाही हे दर आठवड्याला दाबून बघायचं. टोकदार सुई मऊ चकतीत घुसते, म्हणून टोकाला धुळीच्या कणाएवढा काचेचा गोल मणी लागतो. तो बाजारात चिकटवून मिळतो, पण मला हवा तसा मिळत नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक तारेनं, डिंकासारख्या राळेच्या थेंबावर तो बसवतो. सहा पट्ट्या वाया गेल्या. सातवीवर मणी बसला, अगदी मधोमध. मी आनंदानं ओरडलो आणि मग स्वतःलाच "श्शू" केलं. त्या पट्टीचं नाव मी ठेवलं मणीबाई.

घरी बायकोला तिचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झालाय."

"मामी, तिला नावं ठेवू नकोस," ठमी म्हणाली. "माझी डॉक्टरेट तिच्या टोकावर लटकलीय."

ते खरंच होतं. सतरा आठवडे तिनं त्या एकाच पट्टीनं चकत्या दाबल्या, मधला एक आठवडा सुट्टीचा सोडून. आणि चकत्या घट्ट होत गेल्या. दर आठवड्याला थोड्या, शेवटी शेवटी पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त. आलेख असा शिस्तीत चढला होता की मॅडम, ज्या कौतुक करताना सुद्धा पदराला गाठ मारून ठेवल्यासारखं मोजकं करतात, त्या म्हणाल्या, "छान आहे हे." प्रबंधाचं मुख्य प्रकरण झालं. तीन आठवड्यांनी प्रबंध द्यायचा होता. ताई फोनवर रोज विचारायची, "झाली का गं डॉक्टर?"

ह्या सगळ्यात माझा वाटा आंघोळीचा. चकतीतला चिकट पदार्थ मण्याला धरून बसायचा. पाण्यानं जाईना, स्पिरिटनं जाईना. दुसरं कोणी असतं तर नवी पट्टी घेतली असती, पण मणीबाईला टाकायचं माझ्या जिवावर आलं. मग मी शेजारच्या प्रयोगशाळेतून काचसामान धुण्याचं क्षाराचं पाणी आणलं. त्यात पट्टी पंधरा-वीस मिनिटं बुडवली की मणी लखलखीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी छाती फुगली. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. भांडी घासणाऱ्याला साबण कोणता असं कोण विचारतं? दर आठवड्याला मोजणी झाली की आंघोळ. किती मिनिटं, ते मी माझ्या वहीत लिहायचो. त्या वहीत मी सगळंच लिहितो. खोलीचं तापमान, कोण आलं, कोण शिंकलं. बायको म्हणते, "माझ्या बोलण्याची एवढी नोंद ठेवली असतीत तर संसार सोन्याचा झाला असता."

तर प्रबंध द्यायला तीन आठवडे असताना मॅडम म्हणाल्या, "कोरा जेल परत एकदा दाबून घे. परीक्षक विचारतील."

कोरा जेल म्हणजे ज्यात पेशी नाहीत, काही वाढत नाही, असा साधा तुकडा. पहिल्या आठवड्यात ठमीनं तो मोजलाच होता. तीच कृती, तेच प्रमाण, ताजा बनवायचा आणि दाबायचा. आकडा तोच यायला हवा. औपचारिकता होती नुसती.

दुपारी ठमी माझ्या खुर्चीशी आली. "मामा, जेल घट्ट आलाय."

"किती?"

"तिसऱ्या हिश्शाहून जास्त."

"प्रमाण चुकलं असेल. परत कर."

तिनं परत केला. तेवढाच आला. तिसऱ्यांदा केला, वजनं दोनदा तपासून, पाणी बदलून. तेवढाच आला. चौथ्या दिवशी ती जेवणाच्या टेबलावर बसून नुसती ताटाकडे बघत होती.

"काय गं, खात का नाहीस?" बायकोनं विचारलं.

"माझा हातच बिघडलाय, मामी. साधा जेल जमत नाही मला. पहिल्या आठवड्यात तरी नीट केला होता की नाही, देव जाणे. सगळंच चुकीचं केलं असेल चार वर्षं."

चार वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. लहानपणी सायकलवरून पडून गुडघे फोडून आली तेव्हासुद्धा "रस्ता वाकडा होता" म्हणाली होती. आणि आता ही पोर म्हणत होती माझा हात बिघडलाय.

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसली. टेबलाच्या हवेच्या उशा तपासल्या. दिवा तपासला. पट्टीचा कल तपासला. काचेवर टेकवून वाक पाहिला, सोळा आणे बरोबर. मॅडम येऊन गेल्या, त्यांनीही पाहिलं, यंत्र निर्दोष. "मग जेलच," त्या म्हणाल्या. ठमीनं मान खाली घातली.

ती गेल्यावर मी माझी वही काढली. काही शोधायला नव्हे. मन थाऱ्यावर नसलं की मी वही वाचतो, जसं कुणी जुनी पत्रं वाचतं. डाव्या रकान्यात आंघोळीची मिनिटं. उजव्या रकान्यात आरशाची कळ किती फिरवली. प्रकाशाचा ठिपका पट्टीवरून परतून बरोबर मध्यावर पडावा म्हणून एक कळ फिरवावी लागते. गेले चार महिने ती दर आठवड्याला एकाच दिशेनं फिरवावी लागत होती. मला वाटलं होतं, डोळे गेले आपले, चष्म्याचा नंबर वाढला.

आता दोन्ही रकाने शेजारी होते. एका आठवड्यात ताईचा फोन आला होता आणि मी गप्पा मारत राहिलो, पट्टी पाण्यात चाळीस मिनिटं राहिली. त्यानंतर कळ दुप्पट फिरवली होती. सुट्टीच्या आठवड्यात आंघोळ नव्हती. त्यानंतर कळ जिथल्या तिथे.

पाठीवरचा सोन्याचा मुलामा पट्टीला सतत ओढत असतो. पट्टी जाड असते तोवर ती त्याला दाद देत नाही. पातळ झाली की वळते, आणि ठिपका जागा सोडतो. मणीबाई दर आठवड्याला थोडी वळत होती, म्हणजे दर आठवड्याला थोडी पातळ होत होती.

मी बाटली घेऊन शेजारच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथला गडी सिलिकॉनच्या चकचकीत तबकड्यांवर खोदकाम करतो.

"ह्यात सिलिकॉन टाकलं तर काय होतं रे?"

तो हसला. "मामा, आम्ही सिलिकॉन खोदायला हेच वापरतो. फक्त कडक करून, गरम करून. का? काय टाकलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

म्हणजे आंघोळ घालता घालता मी मणीबाईला खरवडत होतो. आणि पट्टीचा ताठपणा जाडीवर भलताच अवलंबून असतो. जाडी निम्मी झाली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. दहावा हिस्सा जाडी गेली तरी चौथ्या हिश्शाहून जास्त ताठपणा जातो. नरम झालेली पट्टी तेवढ्याच घट्ट चकतीवर जास्त वाकते. आणि आम्ही तो वाक जन्मभराच्या जुन्या आकड्यानं गुणत बसलो होतो. बोटातला जोर गेला होता आपल्या आणि आम्ही म्हणत होतो, बाळाचे गाल घट्ट झाले.

ठमीचा जेल बरोबर होता. तिचा हात बरोबर होता. घट्ट कुणीच झालं नव्हतं, जेलही नाही आणि चकत्याही नाहीत. सतरा आठवड्यांचा तो चढता आलेख, मुख्य प्रकरण, डॉक्टरेट, सगळं माझ्या साबणाचं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे खाली गेले. मी खोलीत परत आलो आणि मणीबाईला चिमट्यानं धारकातून काढलं. आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पट्टी मोडली की तिचा ताठपणा मोजता येत नाही. चिमटा टेबलाच्या कडेला जरासा टेकला असता की काम झालं असतं. म्हातारा माणूस, हात हलला, कोण काय म्हणणार? माझ्या वहीकडे माझ्याशिवाय कुणी बघत नाही. कोऱ्या जेलबद्दल मॅडमनी एखादी ओळ लिहून घेतली असती, की दुसऱ्या खेपेचा माल वेगळा निघाला. ठमी डॉक्टर झाली असती, ताईनं गल्लीभर सांगितलं असतं, आणि मी तिचा लाडका मामा राहिलो असतो. मी चिमटा कडेपर्यंत नेला. परत आणला. पुन्हा नेला. चांगली दहा मिनिटं मी तसा उभा होतो, आणि त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

थांबलो ते मोठ्या विचारानं नव्हे. "माझा हातच बिघडलाय" हे तिचं वाक्य कानात होतं. पट्टी मोडली असती तर तिला डॉक्टरेट मिळाली असती, पण ते वाक्य तिच्यापाशी तसंच राहिलं असतं. मी मणीबाईला डबीत ठेवलं, वही काखोटीला मारली आणि बाहेर गेलो.

ठमी जिन्यात बसली होती. मांडीवर डबा, झाकण लावलेलं. मी शेजारी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. क्षाराचं पाणी, सोळा आंघोळी, कळ, शेजारचा गडी.

"म्हणजे माझा जेल बरोबर होता?" ती म्हणाली.

"सोळा आणे."

तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मला वाटलं, सुटलो. पण ती हुशार आहे, ताईवर गेली आहे. पुढच्या क्षणी हसू गेलं. "म्हणजे चकत्या..."

मी मान हलवली.

"सोळा वेळा, मामा! सोळा वेळा तू तिला त्यात बुडवलीस! एकदा तरी विचारायचंस मला!"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! जो येतो त्याच्यावर तू ओरडतोस, हे करू नका, ते करू नका. आणि तुझ्यावर कोण ओरडणार?"

"तू ओरड," मी म्हणालो.

ती ओरडली. जिन्यात आवाज घुमतो, तीन मजल्यांवर ऐकू गेलं. मी ऐकून घेतलं. मग तिनं डोळे पुसले, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल, मोजू."

ताठपणा मोजायची रीत मला फार आवडते. पट्टीला काहीच करायचं नसतं. ती कशावर टेकवायची नाही, हलवायची नाही. खोलीत जी ऊब असते तिच्यानंच ती आपली आपण थरथरत असते. ताठ पट्टी कमी थरथरते, नरम जास्त. ती थरथर मोजायची, बस. मण्यामुळे हिशेब किचकट झाला, पण ठमीनं तो कागदावर तासाभरात सोडवला, ज्या हिशेबाला घाबरून मी एकोणीस वर्षं ती रीत चालवली होती. मग दोघं श्वास रोखून बसलो. पडद्यावर मणीबाईची थरथर उमटली. पहिल्या दिवशीचा ताठपणा शंभर धरला तर आता त्र्याहत्तर.

मॅडमच्या खोलीत मी ठमीच्या आधी शिरलो. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताठपणा एकदाच मोजायची रीत कोणी पाडली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि एकोणीस वर्षं चालू कोणी दिली?" ह्याचं उत्तर मी देणं बरं दिसलं नसतं. ते त्यांनीच दिलं. "मी." मग ठमीकडे वळून म्हणाल्या, "चार महिने देते. प्रकरण नव्यानं लिही."

घरी दोन दिवस ठमी माझ्याशी बोलली नाही. बायको मधे निरोप्या. "मामी, त्याला सांग, मीठ दे." "तिला सांग, तिच्यासमोरच आहे." तिसऱ्या दिवशी बायकोनं दोघांनाही झापलं, म्हणाली, तुमच्या त्या पट्टीसारखेच आहात, टेकल्याशिवाय वाकायचं नाही. ठमीला हसू फुटलं, आणि मग मलाही.

नंतरचे चार महिने आम्ही माझ्या वहीवर काढले. कुठल्या आठवड्यात पट्टी किती पातळ होती हे आंघोळीच्या मिनिटांवरून काढायचं, म्हणजे प्रत्येक मोजणीचा खरा जोर मिळणार. पण मिनिटांवरून पातळपणा खरंच काढता येतो हे आधी सिद्ध करायला हवं. म्हणून त्याच डबीतल्या नव्या पट्ट्या मी त्याच पाण्यात, वहीतल्या मिनिटांप्रमाणे बुडवल्या, आणि कुठली किती वेळ बुडवली हे न सांगता मॅडमकडे दिल्या. त्यांनी मोजलेली थरथर आणि माझी मिनिटं जुळली. मग ठमीनं सोळाच्या सोळा मोजण्या सुधारल्या. चढता आलेख आडवा झाला. चकत्या पहिल्या आठवड्यात होत्या तशाच शेवटच्या आठवड्यात होत्या. प्रबंधात तिनं तसंच लिहिलं, की ह्या पद्धतीनं वाढवलेली चकती घट्ट होत नाही, आणि धुतलेली पट्टी आपल्याला कशी फसवते ते असं. डॉक्टरेटला एवढं पुरेल की नाही, मॅडमनाही खात्री नव्हती.

तोंडी परीक्षा मोठ्या दालनात होती. मी शेवटच्या रांगेत बसलो, धुतलेला सदरा घालून. ठमी छान बोलली. बाहेरून आलेले परीक्षक, पांढऱ्या भुवयांचे, शांत आवाजाचे, शेवटपर्यंत गप्प होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुमची सगळी दुरुस्ती एका वहीतल्या मिनिटांवर उभी आहे. नव्या पट्ट्यांची चाचणी मला पटली. पण ती चाचणी एवढंच सांगते की मिनिटं खरी असतील तर हिशेब खरा. मिनिटं खरी कशावरून? वही लिहिणारे तुमचे नातेवाईक आहेत असं ऐकतो. चूक कळल्यावर, तुम्हाला सांभाळून घ्यायला त्यांनी रकाने भरले नसतील कशावरून?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझे कान तापले. मी उठणारच होतो, आणि उठून काय बोललो असतो देव जाणे.

ठमी म्हणाली, "सर, त्यांना मला सांभाळून घ्यायचं असतं तर त्यांनी पट्टी मोडली असती. ती त्यांच्या चिमट्यात होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि चूक फक्त त्यांनाच माहीत होती. मोडली असती तर माझा जुना आलेख आज इथे असता, आणि तुम्ही तो मान्य केला असता. त्यांनी पट्टी मला आणून दिली आणि सोबत वही. त्या वहीवर माझा विश्वास आहे, तो एवढ्यावरून."

परीक्षकांनी चष्मा परत घातला. थोडा वेळ त्यांनी पानं उलटली, आणि म्हणाले, "माझा आणखी प्रश्न नाही."

मी बाहेर आलो आणि रडलो. भर कॉरिडॉरमध्ये, भिंतीकडे तोंड करून. आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा कळलं की पोर डॉक्टर झाली. पण त्याहून जास्त एक गोष्ट मला कुरतडत होती. चिमट्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. जिन्यात सगळं सांगितलं होतं, तेवढं सोडून.

ती लोकांच्या गराड्यातून सुटून माझ्याकडे आली. मी तोंड पुसलं.

"ठमे, चिमट्याचं तुला कुणी सांगितलं?"

"चष्मा विसरले होते म्हणून मी वर आले होते त्या दिवशी. दाराच्या काचेतून दिसलास." ती भिंतीला टेकली. "का ते माहीत नव्हतं. पण तू पट्टी दोनदा कडेला नेलीस आणि तुझा चेहरा पाहिला, तेव्हा कळलं की पट्टीतच काहीतरी आहे, आणि ते बाहेर आलं तर माझं नुकसान आहे."

"मग हाक का नाही मारलीस?"

ती प्रबंधाची प्रत छातीशी धरून उभी होती, लहानपणी पाटी धरायची तशी.

"मला वाटत होतं, मोडू देत," ती म्हणाली. "मोडली असतीस ना मामा, तर मी जन्मात विचारलं नसतं. खाली जाऊन जिन्यात बसले, आणि तू येईपर्यंत हेच म्हणत होते, की मोडू देत, मोडू देत. मग तू वही घेऊन आलास."

त्या दहा मिनिटांत आम्ही दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे होतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिनं तो बराच वेळ तिथे राहू दिला. मग आतून मॅडमनी हाक मारली, फोटोसाठी. ठमीनं माझा सदरा नीट केला आणि मला हाताला धरून आत नेलं.